मावशीची लिटरभर पाण्याची बाटली

गुरुवार

पुण्याहून सकाळची गाडी धरली. मावशीनं फोनवर बजावलं होतं, "येताना खायला-बियला काही आणू नकोस. तू ये फक्त. आणि रविवारी महिला मंडळात चार शब्द बोल." मी हो म्हटलं. पण गाडीत बसल्यापासून ते चार शब्द छातीवर दगडासारखे बसले होते.

गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, त्याबद्दल देवाचे आभार मानले. पण थायरॉइडच्या मागून आवाजाची एक बारीक नस जाते, ती दुखावली आणि डावा स्वरतंतू हलायचा थांबला. बावीस वर्षं मी शाळेत शिकवलं, चर्चमध्ये गायन सांभाळलं. आता तोंडातून आवाजापेक्षा वाराच जास्त निघतो. दोन वाक्यं बोलले की दम लागतो. वर्षभरात नस पूर्ववत होते कधी कधी, असं डॉक्टर म्हणाले. सात महिने झाले. शाळेनं मला ऑफिसच्या कामात घेतलं आहे. रविवारी चर्चमध्ये गीत सुरू झालं की मी नुसते ओठ हलवते.

उरुळी, यवत गेलं, मग केडगाव. गाडी तिथं थांबली नाही, पण मी खिडकीशी सरकून बसले. दरवेळी बसते. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलं. 1874 च्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील गेले, तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती, आणि पदरात तान्ही मुलगी. पुढं 1896-97 च्या दुष्काळात याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी, टाकलेल्या मुलींना घेऊन आल्या. ज्या दुष्काळानं त्यांचं घर पुसलं, त्याच दुष्काळात त्या दुसऱ्यांसाठी परत उतरल्या. उतारवयात त्यांना ऐकू येत नव्हतं. एकुलती मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली, तरी शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, भाषांतराचं काम थांबलं नाही. हिब्रू आणि ग्रीकवरून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत ते पुरं करून 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. लहानपणी मला वाटायचं, अशी माणसं मुळातच पोलादाची असतात. आता तसं वाटत नाही. ज्या बाईचं घरातलं एकेक माणूस गेलं, ती पोलादाची कशी असेल?

दौंडनंतर ऊन चढलं. भिगवणला उजनीचं पाणी लांबवर चमकलं. कुर्डुवाडीला पंढरपूरला जाणारी बरीच माणसं उतरली. सोलापूर स्टेशनवर काका उभे होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वीस वर्षं रिक्षा चालवली. आता रिक्षाही विकली आहे, पण स्टेशनच्या सगळ्या रिक्षावाल्यांना नावानं हाका मारतात.

घर अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत. मावशी दारातच होती. तिचं वजन निम्मं झालंय की काय असं वाटलं. "सलाम मावशी" म्हणाले, तर ती माझ्या गळ्यावरच्या व्रणाकडे बघत राहिली. तिथं अलगद बोट फिरवलं आणि म्हणाली, "हात धू, जेवायला बस."

कडक भाकरी, पिठलं, दही आणि तिनं स्वतः खलबत्त्यात कुटलेली शेंगाचटणी. चटणीला तेल सुटलं होतं. मावशीच्या ताटात मात्र भात आणि दोनदा पाणी काढून टाकलेली दुधी. दीड वर्षापूर्वी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. शेंगा चालत नाहीत, केळं चालत नाही, नारळपाणी चालत नाही. मीठ नावाला. सगळ्यात अवघड म्हणजे पाणी. चहा-ताक धरून दिवसाला एक लिटर.

ती एक लिटरची बाटली तिच्या उशाशी असते. बाटलीवर काळ्या पेननं चार रेघा मारल्या आहेत: न्याहारी, दुपार, चार वाजता, रात्र. मार्च निम्मा झाला नव्हता, तरी सोलापूरचं ऊन लोखंडाच्या तव्यासारखं तापलेलं. मी जेवताना तीन पेले पाणी प्यायले आणि तिसऱ्या पेल्याला लाज वाटली. मावशी म्हणाली, "पी की. तुझी बाटली निराळी, माझी निराळी."

या गावात पाणी तसंही रोज येत नाही. चार-पाच दिवसांआड नळ येतो. मागच्या अंगणात काकांची निळी पिंपं ओळीनं उभी आहेत आणि त्यांच्यावर ऊन पडू नये म्हणून चार बांबूंना एक जुनी सोलापुरी चादर बांधली आहे. मावशीची खाटही दुपारी त्याच चादरीच्या सावलीत असते. एका ठिकाणी चादर विरली आहे, तिथून उन्हाचा एक गोल तुकडा खाटेवर पडतो आणि दुपारभर सरकत राहतो.

शुक्रवार

सकाळी सातला मावशीबरोबर डायलिसिसला गेले. सरकारी योजनेतून होतं, पैसे लागत नाहीत. लागले असते तर काय झालं असतं, हा विचार काका मोठ्यानं करत नाहीत.

आधी वजन. कोरडं वजन 52 किलो, आज काटा 54.3 वर. म्हणजे दोन दिवसांत अंगात साठलेलं दोन लिटरहून जास्त पाणी आज काढायचं. मावशीनं डाव्या हाताची बाही वर केली. कोपराच्या खाली शीर फुगून दोरखंडासारखी झाली आहे. शस्त्रक्रियेत धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. अशा जोडलेल्या शिरेत रक्ताचा जोर वाढतो, तिची भिंत जाड होते आणि मगच जाड सुया सोसण्याइतकी ती तयार होते.

"बोट ठेव इथं," मावशी म्हणाली.

मी ठेवलं. बोटाखाली थरथर होती. मांजर मांडीवर बसून घुरघुरतं तशी, एकसारखी, न थांबणारी. रोज सकाळी उठल्यावर तिला आधी ही थरथर बघायला सांगितलं आहे. ती लागली म्हणजे रस्ता उघडा आहे. "उठले की बोट लावते," ती म्हणाली, "लागलं की म्हणते, बापा, आजचा दिवस दिलास. मग तोंड धुते."

नर्सनं दोन सुया घातल्या. एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. मावशीनं डोळे मिटले नाहीत. सुया लागल्यावर म्हणाली, "आठवड्याला सहा काटे."

काटा शब्दावर आम्ही दोघीही थोडा वेळ गप्प झालो. ती काय म्हणत होती ते मला कळलं. बायबलमध्ये प्रेषित पौलानं करिंथ गावच्या मंडळीला, करिंथकरांना, लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, बाराव्या अध्यायात, आपल्या देहातल्या काट्याबद्दल सांगितलं आहे. तो काटा नेमका कोणता, आजार, डोळ्यांचा त्रास की आणखी काही, हे त्यानं सांगितलेलं नाही. मला ते बरं वाटतं. सांगितलं असतं तर तेवढ्याच दुखण्याच्या माणसांनी तो उतारा आपला म्हटला असता. तीनदा त्यानं प्रभूला विनंती केली, हा माझ्यापासून दूर कर म्हणून. आणि उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच शक्ती पूर्णतेस येते."

चार तास बसायचं होतं. आजूबाजूला अकरा माणसं. एक कॉलेजचा मुलगा मोबाइलवर पिक्चर बघत होता. बार्शीकडच्या एक आजी झोपल्या होत्या, त्यांचा मुलगा खाली बसून त्यांचे पाय चेपत होता. मशीन मधेच ओरडायचं, नर्स येऊन बटण दाबायची.

मनातलं बोलायला मला ती जागा बरी वाटली. मावशीच्या कानाजवळ खुर्ची ओढली. सांगितलं की माझ्या आजारानंतर आमच्या ओळखीतल्या एकानं मला प्रार्थनेनंतर बाजूला घेऊन सांगितलं, ताई, विश्वास कुठं तरी कमी पडतोय, नाहीतर आवाज आला असता. त्या दिवसापासून मी प्रार्थनेत नुसता हिशेब करते आहे, कुठं कमी पडले त्याचा. दुसऱ्या एका बाईनं याच्या उलट सांगितलं, देवानंच हे दुखणं दिलं, तुझ्या भल्यासाठी. मला दोन्ही गिळता आलेलं नाही.

मावशी बराच वेळ छताकडे बघत होती. मग म्हणाली, "पौलाचा विश्वास कमी होता का गं?"

नव्हताच. त्याच पत्रात, अकराव्या अध्यायात, त्यानं आपल्या अंगावरच्या जखमांची यादी दिली आहे. पाच वेळा एकोणचाळीस फटके. तीन वेळा छड्यांचा मार. एकदा दगडमार. तीन वेळा जहाज फुटलं, एक रात्र आणि एक दिवस समुद्रात. आणि काटा तरीही गेला नाही. गेथशेमाने बागेत येशूनं स्वतः तीनदा तीच प्रार्थना केली, हा दुःखाचा प्याला टळो म्हणून. टळला नाही. तेव्हा मागितलेलं मिळालं नाही म्हणजे मागणाऱ्यात खोट, हे म्हणणं शास्त्रात बसत नाही. माणसाच्या जखमेवर असं मीठ चोळू नये, हे मला इथं ठासून लिहायचं आहे.

दुसऱ्या बाईचं म्हणणंही पुरं खरं नाही. पौल काट्याला चांगला म्हणत नाही. 'सैतानाचा दूत' म्हणतो. काटा काटाच असतो. त्याला फूल म्हणायची सक्ती देवानं कुणावर केलेली नाही.

अकरा वाजता सुया निघाल्या. मावशीनं कापसाचा बोळा दाबून धरला, दहा मिनिटं. वजन 52. घरी येऊन ती मेल्यासारखी झोपली. चार वाजता उठली आणि बाटलीतल्या तिसऱ्या रेघेपर्यंतचं पाणी घोट घोट करत प्यायली. प्रत्येक घोट ती तोंडात थोडा वेळ धरते. पाणी पिताना डोळे मिटणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं.

शनिवार

सकाळी काकांबरोबर बाहेर पडले. भुईकोट किल्ला, शेजारी सिद्धेश्वरांचं तळं, तळ्यात मंदिराचं प्रतिबिंब. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांकडून हे तळं खोदवून घेतलं असं काका सांगत होते. दुष्काळी मुलखात पाण्याची सोय करणाऱ्या माणसाचं नाव नऊशे वर्षं टिकणारच. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी काकांनी नेहमीप्रमाणे चप्पल काढली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं. मावशी ज्या मुलींच्या शाळेत शिकली, ती वोरोनोकोही बाहेरून दाखवली. अमेरिकन मराठी मिशनच्या काळातली शाळा.

पण या दिवसातलं मला सांगायचं आहे ते दुपारचं. गल्लीच्या टोकाला एक पद्मशाली म्हातारे राहतात, सगळे त्यांना मामा म्हणतात. घरात तेलुगू, बाहेर मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नडही. घराच्या मागच्या खोलीत दोन माग, चादरीचे. खडखडाट एवढा की तिथं सगळेच खुणेनं बोलतात. सात महिन्यांत पहिल्यांदा मला एका खोलीत आपण इतरांसारख्या आहोत असं वाटलं.

मामांनी माग बंद केला आणि वर बोट दाखवलं. मागाच्या डोक्यावर जेकार्ड यंत्र बसवलेलं. पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकीला एक शिवून केलेली लांबच लांब माळ वरून लोंबत होती, पट्टीवर ओळीनं भोकं. 1804 च्या सुमारास फ्रान्समध्ये जेकार्ड नावाच्या माणसानं हे यंत्र बसवलं, त्याचंच नाव इथं सोलापूरच्या गल्लीत दोनशे वर्षांनी रोज घेतलं जातं.

"याच्यात नक्षी हाय," मामा म्हणाले.

मला नीट कळेना. म्हणून त्यांनी स्टुलावर चढून एक जुनी, फाटकी पट्टी काढून माझ्या हातात दिली. उजेडासमोर धरायला लावली. "हे बघा ताई. हितं भोक हाय ना? सुई आत जाती. सुई आत गेली की आकडा जागेवर ऱ्हातो, वरची सुरी त्याला उचलती, आकड्यासंगं ताण्याची उभी तार उचलती. भोक नसलं की पुठ्ठा सुईला मागं ढकलतो. आकडा सरकतो. तार खालीच."

"म्हणजे फूल कुठं येतं?"

"भोक असंल तितं तार वर. वर आली तर फूल. पुठ्ठा सगळा कोरा ठेवला तर काय येतंय? काय बी न्हाई."

मी पट्टी परत उजेडाला धरली. भोकांतून मागच्या खिडकीचं ऊन दिसत होतं, ठिपक्या ठिपक्यांनी. मामांनी माग परत सुरू केला. पट्टी खटकन पुढं सरकायची, तारांची एक रांग उचलायची, धोटा आरपार जायचा. हाताच्या बोटाएवढं मोराचं पीस लाल-पांढऱ्यात वर आलं, मग दुसरं. मध्येच बाण्याचा आडवा धागा तुटला, माग आपोआप थांबला. मामांनी वाकून कांडी बदलली, धागा ओवला, परत सुरू. त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धं नाही. तरुणपणी पट्ट्यात गेलं. उरलेल्या बोटांनी त्यांनी धागा इतक्या झटकन ओवला की मला तो ओवताना दिसलाच नाही.

देवानं माझ्या गळ्याला भोक पाडलं, असं मी म्हणणार नाही; कालच वर लिहिलं आहे. पण सात महिने मी एकच मागत होते, हे भोक बुजव. त्या भोकातून काही वर येऊ शकतं का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तो पुठ्ठा मी मागून घेतला. मामा म्हणाले, "काय करणार याचं? रद्दी हाय." आत्ता तो माझ्या शास्त्रात आहे, करिंथकरांच्या पत्रात खूण म्हणून.

रात्री मावशीनं विचारलं, "उद्याचं ठरलं का?" मी म्हटलं, वाचेन, बोलणार नाही. ती म्हणाली, "पुरे आहे."

रविवार

उपासनेला चर्च भरलेलं होतं. ईस्टरच्या आधीच्या प्रायश्चित्तकाळाचा रविवार. पाळकसाहेबांनी, आमच्या घरातलं काही ठाऊक नसताना, तोच उतारा घेतला. मावशीनं त्यांना सांगितलं असेल असं मला क्षणभर वाटलं, पण तिनंही माझ्याकडे चमकून पाहिलं.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला नवी होती. नवव्या वचनात पौल पुढं म्हणतो की ख्रिस्ताची शक्ती माझ्यावर येऊन राहावी म्हणून मी माझ्या अशक्तपणाचीच प्रौढी मिरवीन. मूळ ग्रीकमधल्या त्या 'राहावी'च्या शब्दात तंबू आहे. शक्तीनं माझ्यावर तंबू ठोकावा. आणि पौल धंद्यानं तंबू करणारा होता. करिंथमध्येच अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून त्यानं ते काम केलं होतं, प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात, अठराव्या अध्यायात आहे. ज्या गावाला तो पत्र लिहितो, त्या गावानं त्याला तंबू करताना बघितलं होतं. तंबू कुठं ठोकतात? जिथं डोक्यावर छप्पर नाही तिथं. पाळकसाहेब एवढं बोलून थांबले, कारण वीज गेली आणि पंखे बंद झाले. मला मागच्या अंगणातली बांबूवरची चादर दिसत होती.

आणखी एक ओळ मी स्वतःच उघडून वाचली, दहाव्या अध्यायातली. करिंथची माणसं पौलाबद्दल म्हणत, याची पत्रं वजनदार, पण माणूस समोर आला की दुबळा आणि बोलणं टाकाऊ. बोलणं टाकाऊ! बावीस वर्षं मी हे पत्र वाचते आहे आणि ही ओळ माझ्या नजरेतून सुटत होती, कारण तोवर माझं बोलणं चांगलं होतं.

उपासनेनंतर महिला मंडळ. तीसेक बायका. बऱ्याच जणी विड्या वळणाऱ्या, काही शिक्षिका, दोघी नर्स. मी उभी राहिले. वाचलं. कसं वाचलं ते खरं सांगते, वाईट वाचलं. सातव्या वचनाला आवाज फाटला, आठव्याला श्वास संपला, नवव्यात 'पुरे'चा 'पु' निघाला आणि 'रे' हवेत गेला. कुणी रडलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ना. वा. टिळकांचं एक गीत झालं, प्रार्थना झाली, चहा आला.

कप हातात घेऊन एक बाई माझ्याजवळ आली. "ताई, दुखतंय का बोलताना?" नाही म्हटलं. "मग माझ्या सासूबाईसाठी एवढं वाचाल का? त्यांना चर्चला येणं होत नाही." मी मावशीकडे बघितलं. मावशीनं मान हलवली.

कुंभारीजवळ विडी कामगारांची 10,000 घरांची वसाहत आहे, तिथं तिचं घर. रिक्षानं गेलो. दारातच सुपात तेंदूची पानं, कात्री, तंबाखूचा डबा. ऐंशीच्या पुढच्या आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. दिसत नाही फारसं, पण बोटं विडी वळत होती. पान, चिमूटभर तंबाखू, गुंडाळ, दोरा, टोक मोड. बोटांना डोळे लागत नाहीत. साठ वर्षं वळतात. पूर्वी दिवसाला हजार व्हायच्या, आता दोनशे. "बसून काय करू," एवढंच म्हणाल्या.

मी शास्त्र उघडलं, वाचायला लागले. सून म्हणाली, "ताई, त्यांना ऐकू कमी येतं. सांगायचं राहिलंच."

मला क्षणभर रडू आलं. आवाज नसलेल्या बाईला बहिऱ्या म्हातारीपुढं आणून बसवलं होतं. पण परत जाणं शक्य नव्हतं. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले, पदर बाजूला केला, कानाशी तोंड नेलं. तंबाखूचा आणि खोबरेल तेलाचा वास. म्हटलं, "माझी कृपा तुला पुरे आहे."

"काय?"

परत म्हटलं.

"काय म्हणली?" त्यांनी कान माझ्या तोंडावरच टेकवला. माझे ओठ त्यांच्या कानाच्या पाळीला लागत होते. सुरकुतलेली, मोठ्या भोकाची पाळी, कधी काळी जड कुडी घातलेली.

तिसऱ्यांदा मी एकेक शब्द सुटा केला. माझी. कृपा. तुला. पुरे. आहे. आवाज नव्हताच, नुसता श्वास होता. तो त्यांच्या कानात गेला असावा.

आजींची बोटं थांबली. "पुरे आहे व्हय," त्या म्हणाल्या. "बरं." आणि थोड्या वेळानं, "कोण म्हणलं हे?"

"प्रभू," सून ओरडून म्हणाली.

"ते कळलं. कुणाला म्हणला?"

मी परत कानाशी गेले. पौलाला म्हणाला, असं सांगायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण म्हटलं, "तुम्हाला."

आजींनी माझा हात धरला, चाचपत माझ्या गळ्यापर्यंत आणला आणि व्रणावर बोट ठेवलं. खरखरीत बोट, पानानं काळं झालेलं. तिथं त्यांना काय लागलं कोण जाणे. मग हात सोडून त्यांनी परत पान उचललं.

परतताना रिक्षात मावशी आणि मी गप्प होतो. पुरे हा शब्द आपल्या भाषेत दोन तोंडांचा आहे, असं मी तिला म्हटलं. वाढणाऱ्याला आपण म्हणतो पुरे, म्हणजे भागलं. हट्ट करणाऱ्या पोराला म्हणतो पुरे, म्हणजे आता थांब. पौलाला देवानं कोणत्या अर्थानं म्हटलं असेल? मावशी म्हणाली, "पाणी भरताना आणखी एक म्हणतो की. पुरवून वापरा." आणि तिनं पिशवीतली बाटली काढून चौथ्या रेघेपर्यंत किती उरलंय ते बघितलं. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना, आकाशातून येणारं अन्न, रोजच्या रोज मिळायचा, कुणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडायचे, हे तिनं बालवाडीतल्या पोरांना तीस वर्षं शिकवलं आहे. दीड वर्षाची शक्ती एकदम मागितली होती, म्हणाली, ती मिळाली नाही. सोमवारची सोमवारी मिळते, बुधवारची बुधवारी.

सोमवार

पहाटे साडेतीनला गल्लीत आरडाओरडा. नळ आला. काका, मी, शेजारच्या दोन सुना, सगळे पाइप घेऊन. अंधारात पिंपांत पाणी पडल्याचा आवाज, आधी पोकळ, मग भरत भरत जड. मावशी दारात खुर्ची टाकून बसली होती. डाव्या हातावर उजव्या हाताची दोन बोटं. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. थरथर लागली होती.

ती हळूच गीत म्हणायला लागली, भरताना म्हणते तसं. मीही म्हणायला लागले. माझा आवाज पाण्याच्या आवाजात मिसळून जात होता, चांगला की वाईट ते मलाही ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या कडव्याला शेजारची सून म्हणाली, "म्हणा की ओ मोठ्यानं, आमाला बी येतंय हे."

सहाला निघायचं होतं. मावशीला सातला डायलिसिस. पिशवीत शेंगाचटणीची बरणी होती. निघता निघता तिनं निळ्या पिंपातलं ताजं पाणी आपल्या बाटलीत ओतलं, वरच्या टोकापर्यंत, आणि झाकण लावायच्या आधी बाटली माझ्यापुढं धरली.

"एक घोट घे," ती म्हणाली. "आजचं आहे."

मी घेतला.